विमान कुणाकडे?

रॉझची गाडी फाटकाशी आली तेव्हा टेरेन्सच्या हातात तिसरा अ‍ॅकॉर्डियन होता आणि घरात लपवायला जागा उरली नव्हती.

पहिला माळ्यावर गेला होता, दुसरा सासऱ्यांच्या पलंगाखाली. हा तिसरा मात्र कालपासून जेवणाच्या खोलीतच पडून होता, कारण सासऱ्यांना, म्हणजे विल्फना, जेवताना खलाशांचं एक जुनं गाणं ऐकायची लहर आली होती आणि पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाची लहर टेरेन्सला मोडवली नव्हती.

"बाकात टाक," विल्फ म्हणाले.

खिडकीखालच्या बाकाची फळी उचलली की आत टेबलक्लॉथ ठेवायची जागा होती. टेरेन्सने टेबलक्लॉथ बाहेर काढले, अ‍ॅकॉर्डियन आत ठेवला, फळी लावली. मग हातातल्या टेबलक्लॉथचं काय करावं हे न सुचून त्याने ते तिन्हीच्या तिन्ही मेजावर एकावर एक अंथरले. विल्फ बाकावर बसले, खिडकीकडे पाठ करून. ती त्यांची ठरलेली जागा. एकोणीस वर्षं ते हवाई दलाच्या व्ही-बॉम्बर विमानाच्या पोटात शेपटीकडे तोंड करून उडाले होते. कुठे चाललोय हे त्यांना कधी दिसलं नाही, कुठून आलो एवढंच दिसायचं, आणि आता घरातही बाहेरचा देखावा समोर आला की त्यांना गरगरायचं.

बाकातून एक लांब, दुःखी सूर निघाला.

"हलू नका," टेरेन्स म्हणाला.

"मी फक्त श्वास घेतला."

"मग तोही बेताने घ्या."

बाहेर इंजिन चालूच होतं. रॉझ आठवडाभर हवाई दलाच्या तळावर असायची आणि एरवी शुक्रवारी घरी यायची; या खेपेला कामामुळे रविवार उजाडला होता. टेरेन्सने पडद्याआडून पाहिलं. "रेडिओवरच्या बातम्या संपत असतील. फाटकाशी आली की पाचेक मिनिटं अशीच बसते ती. माझं नशीब."

"हो," विल्फ म्हणाले. "नशीबच तुझं."

त्यांना आणखी बरंच बोलता आलं असतं, पण ते शब्दात अडकले होते, आणि तेही दोन बाजूंनी. रॉझने गेल्या जुलैत हवाई दलाला वर्षभराची नोटीस दिली होती. येत्या जुलैत एकतीस वर्षांचा गणवेश उतरणार. शुक्रवारी तिच्या स्क्वाड्रनच्या प्रमुख बाईंनी तिला सांगितलं होतं की मन बदललं असेल, आणखी पाच वर्षं राहायचं असेल, तर सोमवारी सकाळपर्यंत कळव. त्यानंतर तुझी जागा दुसऱ्याला. आणि महिन्याभरापूर्वी, विल्फना कानाच्या डॉक्टरकडे लिंकनला नेताना, रॉझ गाडी चालवता चालवता म्हणाली होती, "बाबा, चूक झाली माझी. मला नाही सोडायचं. पण टेरेन्स इतकी वर्षं वाट बघतोय, आता कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही बोलू नका हं."

विल्फनी शब्द दिला होता. पुढच्याच आठवड्यात जावईबापू बागेतल्या शेडमध्ये लाल बटणांच्या अ‍ॅकॉर्डियनचे भाते चिकटवत म्हणाले होते, "विल्फ, ती कायमची घरी आली तर मी काय करू? प्रेम आहे हो माझं तिच्यावर. पण दररोज? तुम्ही बोलू नका."

तिथेही त्यांनी शब्द दिला होता. डाउस घराण्यात दिलेला शब्द मोडत नाहीत. फार तर त्याच्यावर बसतात.

*

मदरिंग संडे, म्हणजे आईचा दिवस होता, म्हणून रॉझला स्वयंपाकघरात पाय ठेवायची बंदी होती. मुलगी इमोजेन डॅफोडिलच्या फुलांचे दोन जुडगे घेऊन आली होती. रॉझचा भाऊ ज्यूलियन रिकाम्या हाताने आला होता, पण बहिणीच्या गालाचे मुके मात्र त्याने दोनदा घेतले. त्यावरून इमोजेनने ताडलं की मामाला काहीतरी हवंय.

कोकराचं मटण कापून झालं. टेरेन्सने ग्रेव्हीचं भांडं इमोजेनपुढे धरलं.

"तुझ्याकडे."

"माझ्याकडे," इमोजेन म्हणाली, आणि मगच त्याने हात सोडला.

या घरात सगळं असंच दिलं-घेतलं जायचं: सुरी, गाडीची किल्ली, तान्हं मूल. विमानात एका पायलटने दुसऱ्याच्या हाती विमान देताना दोघांनी मोठ्याने बोलायचं असतं, आणि विल्फनी तो नियम स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या किटलीला लावला होता. टेरेन्स भूगोलाचा मास्तर, जन्मात विमान चालवलं नाही, पण आता तोही दुकानदाराकडून सुटे पैसे घेताना "माझ्याकडे" म्हणायचा.

"बरं," ज्यूलियन हात चोळत म्हणाला, "आपल्या रॉझच्या पेन्शनचं काय? इमोजेन, तू सगळी माहितीपत्रकं वाचलीस म्हणे. सांग बघू मामाला."

"मामाला कशाला सांगायचं?" विल्फनी विचारलं.

"कुटुंब आहे, बाबा! काळजी वाटते."

"काळजीला मेबलथॉर्पच्या किनाऱ्यावरच्या मासे-चिप्सच्या दुकानाचा वास येतोय."

ज्यूलियन लाल झाला. "चांगलं चालणारं दुकान आहे. मालक म्हातारा झालाय. भागीदार मिळाला तर..."

"माझी माहितीपत्रकं वाचून झालीत, पण समजावायला काहीतरी लागेल," इमोजेन म्हणाली. आकड्यांबद्दल तिला खरोखरच प्रेम होतं आणि घरात फारसं कुणी विचारत नसे. तिने मधलं पसरट ताट ओढलं आणि टोपलीतली सात यॉर्कशर पुडिंगं त्यात ओळीने मांडली. मैदा-अंड्याची, ओव्हनमध्ये फुगलेली, मध्ये खोलगट.

"ही सात वर्षं. दोन हजार पंधराच्या एप्रिलपासून बावीसच्या मार्चपर्यंत. पंधरा साली आईसारख्यांना जुन्या पेन्शन योजनेतून काढून नव्या योजनेत घातलं. वयाने मोठ्या असलेल्यांना मात्र जुन्यातच राहू दिलं. कोर्ट म्हणालं, हा वयावरून भेदभाव आहे. म्हणून आता ही सात वर्षं उचलून परत जुन्यात ठेवलीत, आणि आई नोकरी सोडेल तेव्हा तिला विचारणार, ही सात कशात मोजायची? ग्रेव्ही म्हणजे जुनी योजना. पुदिन्याचा सॉस म्हणजे नवी."

"तीन ग्रेव्हीत आणि चार पुदिन्यात घेतली तर?" ज्यूलियन.

"चालत नाही. सातही एकाच कशात तरी."

"पंधराच्या आधीची?"

"ते हे बटाटे. एकवीस वर्षं, ग्रेव्हीत बुडालेले. त्यांना कुणी हात लावत नाही. आणि बावीसनंतरची वर्षं सगळ्यांचीच पुदिन्यात, तिथे विचारत नाहीत." इमोजेनने काटा पट्टीसारखा धरला. "ढोबळ सांगते हं. जुनी योजना विचारते, शेवटी हुद्दा कोणता आणि वर्षं किती? सोडल्या दिवसापासून पेन्शन, आणि वर वर्षाच्या पेन्शनची तिप्पट रक्कम एकदम हातात."

ज्यूलियनने एकवीस बटाट्यांकडे प्रेमाने पाहिलं.

"नवी विचारते, दर वर्षी पगार किती होता? दर वर्षाचा एक तुकडा बाजूला पडतो आणि वाढत राहतो. पण पूर्ण पेन्शन साठीला. तोवर मधल्या काळापुरती थोडी रक्कम. आता आईची गंमत अशी की ती चौदा वर्षं एकाच हुद्द्यावर आहे. पण उडणाऱ्यांच्या पगाराची शिडी वेगळी असते, तिच्यावर पगार चढत गेला. म्हणजे हुद्दा विचारणाऱ्याला आई आहे तिथेच दिसते आणि पगार विचारणाऱ्याला वर गेलेली दिसते. त्यातून यंदा शिडीला वर आणखी पायऱ्या लावल्यात, जे राहतील त्यांच्या... आजोबा!"

विल्फ चावत होते.

"तुम्ही दोन हजार अठरा खाल्लंत!"

"कोरडं होतं," विल्फ म्हणाले. "त्या वर्षी ही सहा महिने फॉकलंडला होती. कोरडंच असणार."

रॉझ मोठ्याने हसली. आल्यापासून पहिल्यांदा, हे इमोजेनने टिपलं. टेरेन्सने मुकाट्याने टोपलीतून दुसरं पुडिंग काढून अठराच्या जागी ठेवलं.

"साध्या भाषेत," ज्यूलियन म्हणाला. "आत्ता सोडली तर मोठी रक्कम. आणखी पाच वर्षं राहिली तर बटाटे बुडाले. बरोबर?"

"कोण म्हणालं?"

"पबमधला एक जण. नौदलात होता."

"मामा, बटाटे कुठेही जात नाहीत. ती रक्कम राहतेच, फक्त ती जेव्हा सोडेल तेव्हा मिळते. आणि राहिली तर पाच पुडिंगं वाढतात. वरच्या पायरीची, म्हणजे आकाराने मोठी."

"पण पाच वर्षांनी!"

"पाच वर्षांनी."

"पाच वर्षांत तू दुकान विसरून मधमाश्या पाळशील," विल्फ म्हणाले.

ज्यूलियनने बाजू शोधली. "टेरेन्स, तू गप्प का? तुला बायको घरी नको का?"

"हवीच आहे की!" टेरेन्स म्हणाला. आवाज जरा जास्तच मोठा आला.

"बघ रॉझ. हा बिचारा एकटा..."

"मला माहीत आहे तो किती वाट बघतो," रॉझ म्हणाली. तिचं हसू गेलं होतं.

इमोजेनने आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. दोघंही ताटाकडे बघत होते. "एक सांगायचं राहिलं," ती सावकाश म्हणाली. "मी सगळ्या बाजूंनी मोजलं. फरक पडतो, पण तुमचं जगणं बदलेल इतका नाही. ग्रेव्ही की पुदिना हे जाताना ठरवायचंय. आज फक्त जायचं का, एवढंच. आणि त्याचं उत्तर आकड्यांत नाही. मी शोधलं."

बाकातून बारीक कण्हण्याचा आवाज आला.

"जुनं लाकूड," टेरेन्स म्हणाला.

*

विल्फना जावयाची दया आली, पण थोडीच. विमानाच्या मागच्या बाकावर बसणाऱ्याचं एक काम असतं: पुढच्यांना काही दिसत नसेल तर त्यांना डिवचत राहायचं.

"मग ठरलं तर," ते आनंदाने म्हणाले. "जुलैत पोरगी घरी. टेरेन्स, मागची खोली रिकामी करून दे तिला."

"कुठली मागची खोली?"

"जिथे तू रोज संध्याकाळी इस्त्री करतो म्हणतोस."

"मला कशाला खोली?" रॉझने विचारलं.

"सामान लावायला. तुझ्याशिवाय या घराला शिस्तच नाही. डबे वजनाप्रमाणे लावशील, माळा साफ करशील. माळ्यावर काय काय साठलंय! पलंगांखाली, बाकांमध्ये..."

"विल्फ, मटण घ्या," टेरेन्स म्हणाला.

"घेतो. आणि रॉझ, तुझ्या जागी कोण येणार गं? तो चॅटर्टन ना?"

रॉझचा काटा हवेत थांबला. "त्याचं नाव काढू नका."

"चांगला मुलगा आहे म्हणतात."

"चांगला? बाबा, तो साखळ्या मोजतो, पण ओढून बघत नाही! मालावर साखळी टाकली की प्रत्येक साखळीला हाताने झटका द्यायचा असतो. प्रत्येक. मी त्याला तीनदा सांगितलं. तो म्हणतो, मॅडम, डोळ्यांनी दिसतंय की घट्ट आहे. डोळ्यांनी!" तिने काटा ठेवला. "त्याला अजून दोन वर्षं कुणीतरी मागे उभं राहून शिकवायला हवं."

"कुणीतरी," विल्फ म्हणाले, आणि पाणी घ्यायच्या निमित्ताने उठले आणि बसले. जरा जोरात बसले.

बाकाने खलाशांच्या गाण्याचा जवळजवळ पहिला सूर लावला.

ज्यूलियनने काटा टाकला. इमोजेनने ओठ दाबले. टेरेन्स म्हणाला, "लाकूड..."

रॉझने नॅपकिनची नीट घडी केली. "लाल बटणांचा आहे ना तो?"

टेरेन्सने मान डोलावली.

"टेरेन्स, मी लोडमास्टर आहे. विमानात कुठल्या कोपऱ्यात किती वजन आहे हे सांगण्याचाच मला पगार मिळतो. माळ्याच्या शिडीवर पाय ठेवला की मला कळतं, वरची फळी पूर्वीपेक्षा जास्त वाकलीय. बाबांचा पलंग पूर्वी ढकलला की सरकायचा, आता सरकत नाही. आणि आज मेजावर तीन टेबलक्लॉथ आहेत. एकावर एक. का?"

"किती... किती वर्षं माहीत आहे तुला?"

"सहा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या मेहनतीने लपवत होतास! फाटकाशी गाडीत बसून राहते ती कशासाठी? तुला आवरायला वेळ मिळावा म्हणून. आणि तो आवाज, खरं सांगू, माझ्या कानांना सहन होत नाही."

"मला वाटायचं तू बातम्या ऐकतेस."

"सहा वर्षं कसल्या बातम्या?"

इमोजेनला आता हसू आवरेना. टेरेन्स मात्र सासऱ्यांकडे वळला. "विल्फ, तुम्ही शब्द दिला होता."

"मी एक अक्षर बोललो का? मी फक्त बसलो." विल्फनी काठी गुडघ्यांवर आडवी घेतली. "आता बोलतो. एकदा आम्ही वॉडिंग्टनच्या तळावरून निघालो. हवा स्वच्छ, उड्डाण इतकं गुळगुळीत की मागे चहा सांडेना. असं सुंदर उड्डाण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने मी यंत्रावर दिशा बघितली, तर आम्ही नॉर्वेला निघालेलो. मी विचारलं, कॅप्टन, विमान कुणाकडे आहे? कॅप्टन म्हणाला, ह्याच्याकडे. शेजारचा म्हणाला, ह्याच्याकडे. दोघंही हात मांडीवर ठेवून एकमेकांचं कौतुक करत बसले होते."

तो किस्सा सगळ्यांनी शंभरदा ऐकला होता. तरी आज कुणी हसलं नाही.

"गेल्या जुलैत," विल्फ म्हणाले, "ती नोटीस दिली तेव्हा विमान कुणाकडे होतं?"

*

"ह्याच्याकडे," रॉझ म्हणाली, आणि टेरेन्सकडे वळली. "तूच म्हणालास ना फोनवर? बस झालं आता, घरी ये."

"तू रडत होतीस!"

"मी? कधी?"

"सायप्रसहून फोन केलास तेव्हा. नाक ओढत होतीस, आवाज बसला होता, म्हणालीस, कंटाळा आला, मला इथे कुणी विचारत नाही. मला वाटलं तुला सोडायचंय आणि माझ्या तोंडून ऐकायचंय. म्हणून म्हणालो."

"टेरेन्स, मला सर्दी झाली होती."

"काय?"

"सर्दी! सर्दी असली की कान फुटतील म्हणून आम्हाला उडू देत नाहीत. डॉक्टरने मला खाली बसवलं होतं आणि माझ्याविना विमान गेलं होतं. चॅटर्टनला घेऊन. उडायला मिळत नव्हतं म्हणून चिडले होते मी!"

"म्हणजे एका सर्दीपायी..." ज्यूलियन म्हणाला आणि इमोजेनने त्याच्या पायावर पाय दिला.

टेरेन्सने ग्रेव्हीचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं. शेवटी तो म्हणाला, "मला तू हवी आहेस. खोटं नाही बोललो. पण शुक्रवारी हवी आहेस. शुक्रवारी तू येणार म्हणून मी गुरुवारपासून घर आवरतो, पाव आणतो, दाढी करतो. रोजच घरी असलीस तर मी गुरुवार कुठून आणू?"

सव्वीस वर्षांच्या संसारात एवढं लांब वाक्य तो नद्यांची नावं सोडून कशाबद्दलच बोलला नव्हता. रॉझला हसायचं होतं, पण डोळे भलतंच करायला लागले. तिने नाक ओढलं.

"सर्दी?" टेरेन्सने विचारलं.

"ही नाही."

त्याने मेजावरून हात पुढे केला. हातात काही नव्हतं, तरी तो भांडं द्यावं तसा धरला होता.

"तुझ्याकडे."

हा सगळा प्रकार घरात दिवसातून वीसदा होत असे, पण रॉझला आत्ता कळलं की तिने गेल्या जुलैत याला द्यायचं उत्तर उच्चारलंच नव्हतं. तिने चॅटर्टनचा विचार केला. साखळीला झटका दिल्यावर ती हातात जो ताण परत पाठवते त्याचा विचार केला. बटाट्यांचा केला नाही.

"माझ्याकडे," ती म्हणाली.

टेरेन्सने हात सोडला.

"म्हणजे पाच वर्षं," ज्यूलियन म्हणाला. मग त्याने नजर फिरवून बाकाकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत नवीनच चमक आली. "टेरेन्स, समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानात संध्याकाळी थोडं संगीत असेल तर गिऱ्हाईक..."

"ज्यूलियन," विल्फ म्हणाले, "पुडिंग खा."

रॉझने खुंटीवरून कोट घेतला. प्रमुख बाईंनी रविवारीही फोन कर म्हणून सांगितलं होतं. दारात ती वळली. "मी गाडीतून फोन करते. टेरेन्स, तोवर वाजव तुझं ते. फळी काढून, उघड्यावर."

"खरंच?"

"वाजव."

गाडीत बसून तिने सवयीने इंजिन चालू केलं. खिडकीत बाबांची पाठ दिसत होती. ते जागचे उठले, टेरेन्स वाकला, लाल बटणं चमकली. इमोजेन ताटात उरलेल्या वर्षांचं रक्षण करत होती आणि पाठमोऱ्या म्हाताऱ्याचा हात बाजूने दोन हजार एकोणीसकडे सरकत होता.

आयुष्यात पहिल्यांदा रॉझने घरासमोर गाडीची काच खाली केली.

खलाशांचं गाणं बागेतून तिच्यापर्यंत आलं. पहिली ओळ तिने पूर्ण ऐकली. दुसरीही जवळजवळ पूर्ण ऐकली. मग काच वर केली, घट्ट लावली, आणि फोन फिरवला.